बिघडवायला घेतलेली खीर

ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा, अर्धी वाटी दूध आणि आईची नजर चुकवून काढलेलं चमचाभर तूप. एवढ्यात बर्फी होते. मासिकांत ज्या कृती छापून येतात त्यांची पहिली ओळ ठरलेली असते, पाव किलो खवा घ्या. ज्यांच्या घरी पाव किलो खवा पडून आहे त्यांना कृती कशाला पाहिजे? ते खवाच खातील. मला राग आला की मी गोड करायला बसायची, आणि राग मला रोज यायचा. त्यामुळे दोन हजार सहा साली मुर्रीतल्या आमच्या दोन खोल्यांत जेवढं गोड शिजलं तेवढं एखाद्या हलवायाकडेही शिजलं नसेल.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. मुर्रीहून गोंदियाला सायकलनं कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी घरी भाकरी. बाबा राईस मिलमध्ये बॉयलरवर होते. तिथून कनकी यायची. कनकी म्हणजे मिलमध्ये तुटलेला तांदूळ. आमच्या घरी तोच भात, तोच डोसा, तोच शिरा. कनकी भाजून, गूळ घालून मी जो शिरा करायची तो खाऊन आमच्या केमिस्ट्रीच्या लॅब असिस्टंटनं माझा फुटलेला ब्युरेट माझ्या नावावर लिहिला नव्हता. शिळ्या पोळीचे लाडू, शिंगाड्याच्या पिठाची वडी, लाखोळीच्या डाळीचं पुरण, सगळं करून झालं होतं. कच्च्या पपईची बर्फी केली ती मात्र जमली नाही. नीतूनं चावून पाहिली आणि म्हणाली, "साबन हाय बे हे. अंगाले लावू का खाऊ?"

नीतू कटरे माझी मैत्रीण. पहिल्या वर्षापासून एकाच बाकावर. ती नागऱ्याची. तिच्या वडिलांची, हुकुमचंद कटऱ्यांची, वीस एकर धानाची शेती. ते पोवार, आणि त्यांचे पूर्वज माळव्यातून घोड्यावर बसून आले असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. घोडा कोणाचा होता ते सांगत नाहीत.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे खिरीचा प्रश्न येणार आहे आणि आपल्याकडे खीर कोणत्या घरातून आली हे समजल्याशिवाय ती गोड आहे की नाही ते लोकांना ठरवता येत नाही.

नीतूच्या घरी मला वाईट कोणी बोललं नाही. तिची आई, तुळसामावशी, हसून चहा द्यायची. पण तो चहा एका ठरलेल्या स्टीलच्या पेल्यात, आणि तो पेला सांदवाडीच्या खिडकीत वेगळा पालथा ठेवलेला. सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. माझी बसायची जागाही तीच, विहिरीजवळच्या दगडावर. पेल्याचं ज्या दिवशी माझ्या लक्षात आलं त्यानंतर महिनाभर मी तिकडे फिरकले नाही. शेवटी नीतूच मुर्रीला आली, माठातलं पाणी ढोसलं, माझे तीन लाडू उभ्यानं खाल्ले आणि म्हणाली, "आता सांग, माह्यं काय बिघडलं? माय अडानी हाय. मी तुह्याशी बोलतो का मायशी?" मग मी बोलायला लागले. राग गेला नाही, पण राग घेऊनही माणसाला मैत्रीण लागते.

तर डिसेंबरातली गोष्ट. सायकल स्टँडवर नीतू तोंड पाडून उभी होती. मी डबा उघडला, त्यात मुरमुऱ्याचे नवे लाडू होते, चिंचेचा कोळ घालून केलेले. तिनं बघितलंही नाही.

"रविवारी पाहुणे येऊन राहिले."

"कोनाकडं?"

"मले पाहाले. आमगावकडचे हायेत. पोरगा तिलक. ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान हाय. पसंत पडली त माघात लगन."

"आन परीक्षा?"

"बाबानं फॉर्मवर सही नाही केली. म्हने, पाहुने होऊ दे, मंग पाहू. पुढच्या शनिवारी फॉर्मची शेवटची तारीख हाय." तिनं बॅगेतून परीक्षेचा फॉर्म काढला. सगळा भरलेला. फक्त पालकाच्या सहीची जागा रिकामी. "मायले म्हटलं, मले डिग्री घेऊ दे, बी.एड. करू दे. त म्हनते, डिग्री काय चुलीत घालाची हाय?"

मी म्हटलं, सरळ नाही म्हण. हे मी म्हटलं खरं, पण म्हणताना मलाच कळलं की मी मूर्खपणा केला. मुलीनं नाही म्हणण्याची सोय कुठल्या घरात आहे? नाही म्हणायचा हक्क फक्त पाहुण्यांचा. पोहे खाऊन, मुलीला चालायला लावून, केस किती लांब आहेत ते बघून घरी जायचं आणि नाही म्हणायचं. मुलीनं म्हटलं तर बोंबाबोंब.

"त पाहुन्यायलेच नाही म्हनाले लावाचं," नीतू म्हणाली. तिनं विचार करून ठेवला होता. "त्याची आत्या हाय. धुरपताबाई. विधवा हाय, त्यायच्याच घरी राहते, सारं घर तिच्या मुठीत. पोरीच्या हातचं गोड खाऊन पसंत करते. आतापर्यंत तीन पोरी नापास केल्या. एकीचा बेसनाचा लाडू दातात अडकला म्हून. एकीच्या शिऱ्यात गुठळ्या. तिसरीचं काय ते मले माहीत नाही."

"मंग तू कर की काहीतरी भंगार. तुले कुठं काय येते?"

"तेच त. मले काही येत नाही हे मायले माहीत हाय, ते मले हात लावू देनार नाही, स्वतःच करन. मायची खीर चांगली होते. म्हून म्या सांगून टाकलं, मी कॉलेजात शिकली, मीच करतो. आता मले अशी खीर पाहिजे का दिसाले खीर आन तोंडात घातल्यावर माणूस उठून गेला पाहिजे. तुह्यासारखं डोकं कोनाले हाय? तू वाईट करून दे."

"तुह्या घरात माही खीर?"

"कोनाले कळते?"

मी तिच्याकडे बघितलं. ज्या घरात माझा पेला वेगळा त्या घराच्या बैठकीत, पितळी वाट्यांतून, माझ्या हातची खीर. आणि तीही मुद्दाम बिघडवलेली. खरं सांगते, मला मैत्रिणीची दया नंतर आली. आधी मजा वाटली.

आता वाईट खीर कशी करायची? जळकी करायची तर बाई म्हणेल, पोरीचं लक्ष नव्हतं, शिकेल. मीठ घालायचं तर म्हणतील, घाबरली बिचारी. चुकल्यासारखी नको, विचित्र पाहिजे. मी दोन दिवस वहीच्या मागच्या पानावर मांडणी केली. पोवारांच्या घरी खिरीला चिन्नोर तांदूळ लागतो, वासाचा. आपण घ्यायचा उसना. धान वाफवून, वाळवून मग जो कांडतात तो उसना तांदूळ, आमच्या बाबांच्या बॉयलरमधून निघतो तो. त्याची खीर होत नाही. दाणा न् दाणा सुटा राहतो, दुधात पोहत. वेलची नाही, काजू नाही, साखरही नाही. साखरेच्या जागी मोहाची फुलं.

मोह म्हणजे दारू. आम्हाला दुसरं काही माहीत नव्हतं. गोंदियात शिकणाऱ्या कोणत्याही पोरीला विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं. मोहाचा वास आला की समजायचं, कोणीतरी पिऊन पडलं आहे. बैठकीत वाटी आली आणि वाटीतून हातभट्टीचा वास आला, तर कोणता घरंदाज पाहुणा थांबेल?

गुरुवारी प्रॅक्टिकल बुडवून आम्ही बाजारात गेलो. एक गोंड म्हातारी चारोळी, हिरडा आणि कसल्या कसल्या मुळ्या घेऊन बसायची, तिच्याकडे गोणपाटाखाली सुकी मोहफुलं असायची. नीतूनं ओढणीनं तोंड बांधून घेतलं, जणू बँक लुटायला निघाली होती.

"मोह हाय का, आजी?" मी विचारलं.

म्हातारीनं आम्हाला खालीवर बघितलं. "हाय. किती पाहिजे?"

"पावभर."

"पावभरात काय निंगते, पोरी? आंगठा बी ओला होत नाही. पाच किलो नेजो, त एक बाटली निंगन."

"खीर करायची हाय."

म्हातारी हसली. तोंडात तीनच दात होते, पण तिन्ही हसले. काहीतरी गोंडीत शेजारणीला सांगितलं, शेजारीणही हसली, आणि वर मूठभर जास्तीची फुलं माझ्या पिशवीत टाकली. आम्हाला वाटलं, ती आमची खेचून राहिली.

रविवारी सकाळी आई, सुमनबाई, विहारात गेली होती वंदनेला. बाबा पाळीवर. घरात मी एकटी. सहा वाजता चूल पेटवली.

आता जे झालं त्याला मी जबाबदार आहे. दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर मला ते टाकता येणार नाही.

उसना तांदूळ दुधात टाकला. अर्ध्या तासानं झाकण काढलं तर ठरल्याप्रमाणे दाणे सुटे, दूध पातळ. म्हणजे काम झालं होतं. तिथे हात काढून घ्यायचा होता. पण मी ढवळत उभी राहिले आणि मला ते बघवेना. एवढं शेरभर दूध, आईनं दोन दिवस चहा काळा पिऊन वाचवलेलं, आणि त्यात हे असं. मी दोन पळ्या दाणे काढले, पाट्यावर भरड वाटले आणि परत सोडले. दूध लगेच दाट झालं. मी स्वतःला समजावलं, दिसायला खीर दिसली पाहिजे ना, म्हणून.

मग मोह. कच्चाच टाकायचा होता, वासासकट. एक फूल तोंडात घातलं. गोड, पण मागून कडवट, आणि आत केसरांचे तुरे, मातीचे कण. म्हटलं, माती तरी नको, कोणाचं पोट बिघडलं तर नीतू अडकेल. म्हणून तुरे काढून धुतली. धुतली तर ओलसर झाली. ओलसर झाली म्हणून तव्यावर टाकली. आणि तव्यावर ती फुलं फुगायला लागली, आणि वास फिरला. दारूचा वास कुठे गेला कळलं नाही. मनुका भाजल्यासारखा, गूळ करपायच्या आधी जसा येतो तसा वास घरभर झाला. मी तव्यासमोर उभी आणि माझ्या लक्षात आलं की हे बिघडवणं नाही चाललं.

थांबायला पाहिजे होतं. नाही थांबले. फुलं कुटली. दुधात गरम असताना टाकली तर फाटेल, म्हणून भांडं उतरवलं, कोमट होऊ दिलं, मग टाकली. चवीला बघितली. काहीतरी कमी होतं. सुंठ टाकली, चिमूटभर. परत बघितली. मिठाचा एक खडा. परत बघितली. चौथ्यांदा बघितली तेव्हा मला बघायची गरज नव्हती, मी फक्त खात होते.

डबा घेऊन नऊ वाजता नागऱ्याला पोहोचले. नीतू सांदवाडीत वाटच पाहत होती. तुळसामावशी बाहेरच्या चुलीवर पुऱ्या तळत होती, तिची पाठ आमच्याकडे होती.

"कशी झाली?" नीतू कुजबुजली.

"झाली."

"वाईट?"

"गरम करजो, पन उकळू नको. फाटन."

तिनं माझ्याकडे बघितलं. "फाटली त चांगलंच ना?"

मी डबा तिच्या हातात दिला. तिनं डबा आत नेऊन पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतला. तुळसामावशीनं मागे वळून मला बघितलं. "आली का वं साक्षी? बस. आज गडबड हाय, च्या नाही देत तुले." मी दगडावर बसले. समोर खिडकीत माझा पेला पालथा.

अकरा वाजता जीप आली. तीन माणसं उतरली. मुलगा तिलक, फुलशर्ट इन केलेला, घाम आलेला, जणू त्यालाच बघायला आले आहेत. त्याचे मामा घनश्याम, मिशा, हातात चावी फिरवत. आणि धुरपताबाई, बुटकी, जाड चष्म्याची, नऊवारी नेसलेली. सांदवाडीतून स्वयंपाकघराच्या दारातून बैठकीपर्यंत सरळ दिसायचं. आवाज तर सगळेच ऐकू यायचे, कारण हुकुमचंदकाका हळू बोलतच नाहीत. घोडा माळव्यातून निघाला, नर्मदा ओलांडली, आणि खीर गेली.

नीतूनं वाट्या ठेवल्या आणि खाली मान घालून उभी राहिली. मला तिची पाठ दिसत होती. पाठसुद्धा वाट पाहत होती.

घनश्याममामांनी आधी वास घेतला. "हे काय हाय?" त्यांच्या आवाजात जी शंका होती ती ऐकून मला वाटलं, झालं, जमलं. "याच्यात मोह हाय का हो?"

तुळसामावशी पुरीचा झारा हातात घेऊन दारात आली. हुकुमचंदकाका नीतूकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

धुरपताबाईनं चमचा तोंडात घातला. चघळला. दुसरा घातला. चष्मा काढला आणि पदरानं पुसला.

"मोह हाय," ती म्हणाली. "माहा बाप पेटीत मोह ठेवे, भांडाराच्या किल्लीसंगं. धान नाही झालं त आमी चार चार महिने मोह खाल्ला हाय. भाजून, दुधात. माही माय गेली, मंग कोनी केलं नाही. आता तुमी सारे बडे लोक झाले, मोह म्हटलं का नाक दाबता. घनश्याम, खा. तुहा आजा याच्यावर जगला."

घनश्याममामांनी खाल्ली. मग वाटी पुढे केली. तिलकनंही केली. हुकुमचंदकाकांच्या छातीत हवा परत आली आणि त्यांनी स्वतःसाठी वाटी मागवली.

नीतूनं मागे वळून स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघितलं. तिनं जे तोंडातल्या तोंडात म्हटलं ते मी इथे लिहू शकते, पण ते हिंदीत होतं आणि माझ्या आईवरून होतं.

आत गोष्टी पटापट पुढे जायला लागल्या. धुरपताबाई म्हणत होती, आजपर्यंत तीन ठिकाणी पोरी पाहिल्या, पोरी बेसन वळतात, त्यात काय डोकं लागते? ही पोरगी घरचं जुनं शोधून काढते. हुकुमचंदकाका म्हणत होते, लहानपणापासून तिला आवडच आहे. माघातल्या तारखा निघाल्या. तिलक म्हणाला, मुलीची परीक्षा आहे ना मार्चमध्ये? कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही. तो बिचारा वाईट नव्हता. त्याला विचारत कोणी नव्हतं, एवढंच.

मी दगडावर बसून स्वतःला शिव्या देत होते. नीतूचं वर्ष मी बुडवलं होतं. चार वेळा चव पाहून बुडवलं होतं. एका फॉर्मवर एक सही, तेवढी माझ्यानं वाचवली गेली नाही, कारण मला वाईट करता आलं नाही.

तेवढ्यात धुरपताबाई म्हणाली, "बाई, मले सांग, कशी केली?"

नीतू म्हणाली, "तांदूळ घेतला... मोह घेतला... दुधात टाकला आन उकळला."

"सारं संगंच?"

"हो."

"मोह कच्चाच?"

"हो, कच्चाच."

"आन दूध नाही फाटलं?"

म्हातारी चष्म्यातून तिच्याकडे बघत होती. आणि मी उठले. का उठले ते मला विचाराल तर मी मैत्रिणीला वाचवायला उठले असं सांगणं मला आवडेल, पण ते खोटं होईल. कच्चा मोह उकळत्या दुधात. एवढं ऐकून माझं डोकं फिरलं. दोन तास चुलीसमोर मी उभी होते आणि ही बया म्हणत होती, संगंच टाकलं. मी सांदवाडी ओलांडली, स्वयंपाकघरात शिरले, तीन वर्षांत पहिल्यांदा, पुऱ्यांच्या परातीवरून पाय टाकला आणि बैठकीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले.

"कच्चा नाही टाकत," मी म्हटलं. "आधी तुरे काढाचे. मंग कोरडा भाजाचा, फुगेपर्यंत. दूध उतरवून, कोमट झाल्यावर टाकाचा, म्हून नाही फाटत. आन तांदूळ उसना हाय. थोडा वाटून घेतला."

"उसन्याची खीर?" धुरपताबाई माझ्याकडे वळली. "म्हून त कणी लागून राहिली होती दाताले. चांगली लागते. तू केली?"

"हो."

"हात चांगला हाय तुहा. कोनाची वं तू?"

हा प्रश्न आमच्याकडे कोणी सहज विचारत नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. तुळसामावशीच्या हातातल्या झाऱ्यातून तेलाचा थेंब फरशीवर पडला. तिचे डोळे सांगत होते, काहीही सांग, शेजारची सांग, मामाची सांग. आणि मी सांगू शकले असते. चार शब्दांत सुटले असते.

"साक्षी खेमराज उके," मी म्हटलं. "मुर्रीची. आमी बौद्ध हाओ. माह्या घरी केली, माह्या मायच्या गंजात."

घनश्याममामांच्या हातात तिसरी वाटी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. मग तोंड पुसलं. मग परत पुसलं. दोन वाट्या पोटात गेलेल्या, त्या पुसून निघत नव्हत्या.

"हुकुमचंदजी," ते म्हणाले, "ये क्या है?" रागावले की गोंदियाची माणसं हिंदीत जातात.

हुकुमचंदकाका काय बोलले ते मला नीट आठवत नाही. त्यांनी घोड्याचं नाव काढलं नाही एवढं नक्की. मामा उठले, तिलकला उठवलं. तिलक जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "छान होती," आणि मामांनी त्याच्या दंडाला धरून बाहेर नेलं. जीप सुरू झाली.

धुरपताबाई बसूनच होती. बाहेर हॉर्न वाजला. ती चमच्यानं वाटीचा तळ खरवडत होती.

"बाई, चाला ना," हुकुमचंदकाका रडवेल्या आवाजात म्हणाले.

"थांबा. म्या त खाल्लं. आता राह्यलेलं कायले टाकू?" दुसरा हॉर्न वाजला. तिनं टेबलावरच्या घनश्याममामांच्या वाटीकडे बघितलं, ती उचलली, तीही संपवली आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठली. मला ती काही बोलली नाही. पण जाताना तिनं वाटी माझ्या हातात दिली.

ती गेल्यावर काकांनी मला त्या घरातून काय म्हणून काढलं ते लिहीत नाही. मी सायकलवर बसले, नागऱ्याच्या देवळापर्यंत रडले आणि देवळापासून मुर्रीपर्यंत हसले. घरी आई आली होती आणि रिकामं दुधाचं भांडं घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "मोह म्हंजे दारू, हे तुले कोन सांगलं? तुह्या आजीनं तुह्या बापाले मोहावर वाढवलं. मले विचारलं असतं त म्या सांगलं असतं, तो बिघडत नाही." मग भांडं आपटलं. "आन उद्या च्याले दूध कुठून आनू?"

मंगळवारपर्यंत नीतू कॉलेजला आली नाही. बुधवारी सायकल स्टँडवर उभी होती, डोळे सुजलेले, ओठ दाबलेले, आणि मला कळेना ती रडणार आहे की काय.

"मायनं गंज तीनदा घासला," ती म्हणाली. "चिंचेनं, मंग राखेनं, मंग परत चिंचेनं. एवढा कधीच चमकला नव्हता."

"आन पाहुने?"

"फोन आला काल. मामानं सांगतलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आमी दिलीच नव्हती." आता ती हसायला लागली होती. "आमगावपासून तिरोड्यापर्यंत साऱ्या सोयऱ्यायत झालं बे. कटऱ्यायच्या घरी कोनाच्या हातचं खाऊ घालतात सांगता येत नाही म्हने. बाबा म्हनते, आता सालभर कोनी दारात येनार नाही. सालभर."

तिनं बॅगेतून फॉर्म काढला. खाली वाकडीतिकडी, कागद फाटेल एवढा जोर देऊन केलेली सही होती. हुकुमचंद कटरे.

"म्हनते, घरात बसून माह्यं डोकं खाशील, त्यापेक्षा परीक्षा दे आन मरा दोघी." ती एकदम थांबली. "साक्षी, तू माह्यासाठी..."

"तुह्यासाठी नाही बोलली मी. तू कृती चुकीची सांगून राहिली होती. आन आईक. तुह्या घरी मी आता येनार नाही. तुले यायचं तर तू ये."

"येतोच की." तिनं माझ्या सायकलची घंटी एकदा वाजवली. मग म्हणाली, "सॉरी बे."

मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? मला ते लागलेलं होतं आणि ते सॉरीनं जाणारं नव्हतं. पण तिनं ते म्हटलं, आणि तिच्या घरातलं दुसरं कोणी म्हणणार नव्हतं.

"आनखी एक हाय," नीतू म्हणाली. "मामाचं बोलून झाल्यावर फोन त्या आत्यानं हिसकला. बाबाले म्हने, त्या पोरीले विचारा, सुंठ किती टाकली. बाबा लाल झाले. पन फोन ठेवल्यावर मले म्हनाले, ते... सुंठीचं विचारून ये म्हने. आत्याबाईले कळवा लागन."

मी प्रॅक्टिकलची वही उघडली आणि मधलं कोरं पान काढलं. सायकलच्या सीटवर ठेवून लिहायला लागले. उसना तांदूळ दोन मुठी, दूध एक शेर, मोहफुलं पावभर, तुरे काढून. सुंठ चिमूट, पण चिमूट कोणाची ते महत्त्वाचं, म्हणून लिहिलं, बाईच्या तीन बोटांची. मीठ एक खडा. सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मोहाची खीर. त्याखाली, करणारी साक्षी खेमराज उके, मुर्री.

नीतू खांद्यावरून वाचत होती. "नाव एवढं मोठं कायले? खिरीपेक्षा मोठं झालं."

"तुह्या बापाले चष्म्याबिगर वाचता आलं पाहिजे."

तिनं कागदाची घडी घातली आणि फॉर्मच्या आत ठेवली. मग माझ्या डब्याकडे बोट दाखवलं. "आज काय हाय?"

"कोहळ्याचा हलवा. पन जमला नाही."

"जमला नाही म्हंजे चांगला असन," ती म्हणाली आणि बोटानंच खायला लागली.